लॅमिनायटिसमधून सावरणाऱ्या घोड्याची देखभाल

लॅमिनायटिसचा, म्हणजे खुराच्या आतल्या पापुद्र्यांच्या दाहाचा, पहिला झटका ओसरून घोडा पाच-सहा आठवड्यांत सरळ चालू लागला की दुखणे संपले, असे मालकाला वाटते, आणि अनेक घोडे याच टप्प्यावर पुन्हा बिघडतात. माझ्याकडून हीच चूक झाली होती. सारंगखेड्याच्या यात्रेपूर्वी अंग भरावे म्हणून घोडीला हरभरा आणि गूळ सढळ हाताने घातला, ऐन मार्गशीर्षात तिचे पुढचे दोन्ही पाय धरले गेले. पुढे लंगड थांबलेली पाहून मी एका वरातीची सुपारी घेतली. दोन तास डांबरी रस्त्यावर नाचल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे ती पुढचे पाय लांब टाकून, सारा भार मागच्या पायांवर घेऊन उभी होती आणि पाण्याच्या बादलीपर्यंतही येत नव्हती.

खुराच्या आतले हाड भिंतीला बारीक पापुद्र्यांच्या विणीने टांगलेले असते. दाहामुळे ही वीण सैल पडते, मागची कंडरा हाडाला ओढत राहते, आणि हाडाचे टोक तळव्याकडे झुकते किंवा अख्खे हाडच खाली बसते. औषधाने वेदना कमी होते. सुटलेली वीण मात्र सांधत नाही, तर वरून नवी भिंत घट्ट विणीसह वाढत यावी लागते. खूर महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर वाढतो, म्हणजे पुढच्या बाजूची पूर्ण भिंत नवी व्हायला ९ ते १२ महिने लागतात. देखभालीचे वेळापत्रक या हिशेबाने आखावे, लग्नसराईच्या हिशेबाने नव्हे.

घोड्याला आगाडी-पिछाडीचे दोर लावून जखडून उभे ठेवू नये. त्याला मनासारखे आडवे होता आले पाहिजे, कारण तो जितका वेळ आडवा असतो तितका वेळ खुरांवर भार नसतो. शहाबादी फरशीवर किंवा काँक्रीटवर किमान १५ सेंटिमीटर जाडीचा भुसा वा काड पसरावे आणि तो थर दारापर्यंत न्यावा, कारण घोडा बहुतेक वेळ दाराशीच उभा राहतो. आपल्याकडे तापी-गिरणेची वाळू मिळते. ती तळव्यात भरून चांगला आधार देते, मात्र वाळूवर चारा टाकल्यास ती पोटात जाऊन पोटदुखी होते, म्हणून चारा गव्हाणीत किंवा घमेल्यातच द्यावा.

खरी परीक्षा चंदीची, म्हणजे दाण्याच्या खुराकाची आहे. अपचन, व्यायल्यावर वार अडकणे, आतड्यांचा मोठा आजार किंवा एका पायाच्या दुखापतीमुळे दुसऱ्या पायावर पडलेला भार, यांनीही लॅमिनायटिस होतो. पण लठ्ठ, दाण्यावर पोसलेल्या घोड्यांत बहुधा रक्तातील वाढलेले इन्सुलिन कारणीभूत असते. अशा घोड्याचा हरभरा, बाजरी, गव्हाच्या पोळ्या, गूळ आणि उसाचे वाढे पूर्ण बंद करावेत. ‘ताकद यावी म्हणून थोडा गूळ’ हा आपल्याकडचा जुना लाड आहे, आणि तो सोडवणे औषध पाजण्यापेक्षा अवघड जाते. ज्वारीचा कडबा निर्धोक समजला जातो, पण गोड धाट्यांत साखर बरीच असते. त्यापेक्षा पक्व होऊन वाळलेले, कुसळ नसलेले गवत बरे.

चारा अंदाजाने न देता तोलून द्यावा. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतची लांबी, दोन्ही सेंटिमीटरमध्ये घ्यावी. घेराचा वर्ग करून त्याला लांबीने गुणावे आणि ११,८८० ने भागावे, म्हणजे वजन किलोत मिळते. घेर १६५ आणि लांबी १५० असेल तर वजन सुमारे ३४४ किलो होते. लठ्ठ घोड्याला ओलावा वगळून वजनाच्या दीड टक्का कोरडा चारा द्यायचा, म्हणजे वाळलेल्या गवतातला दहाएक टक्के ओलावा धरून त्याला रोज साधारण पावणेसहा किलो गवत पुरते. ते चार-पाच वेळा विभागून द्यावे. यापेक्षा कमी करण्याचा मोह आवरावा. उपाशी घोड्याच्या, आणि त्याहून जास्त लहान तट्टांच्या व गाढवांच्या रक्तात चरबी उतरून यकृत बिघडते व जनावर दगावू शकते. साखर उतरवण्यासाठी तोललेले गवत अर्धा ते एक तास गार पाण्यात भिजवून ते पाणी फेकून द्यावे. जळगाव-भुसावळकडे वैशाखात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा भिजलेला चारा लवकर आंबतो. म्हणून एका वेळेपुरताच भिजवावा आणि उरलेला गव्हाणीतून काढावा. दाणा बंद असल्याने खनिज मिश्रण व मीठ द्यावे, आणि प्रथिनांसाठी पशुवैद्याच्या सल्ल्याने थोडा वाळलेला लसूणघास चालतो.

रोज सकाळी खरारा करण्याआधी खुराच्या वरच्या सांध्यामागे, दोन्ही कडांना बोट ठेवून नाडी पाहावी. निरोगी घोड्यात ती जेमतेम लागते. ठणठण उडू लागली, खूर तासन्‌तास गरम राहिला किंवा घोडा वळताना अडखळला, तर लंगडण्याची वाट न पाहता डॉक्टरांना बोलवावे. आयाळीखालची मानही दाबून पाहावी, कारण तिथली कडक चरबी हा इन्सुलिन बिघडल्याचा इशारा असू शकतो. चैत्र संपत आला तरी हिवाळी केस न गळलेल्या म्हाताऱ्या घोड्याची कुशिंगची (मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीच्या बिघाडाची) तपासणी करून घ्यावी, नाहीतर चारा कितीही सांभाळला तरी दुखणे परतते.

वेदनाशामके डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत आणि मुदतीतच द्यावीत. जास्त दिवस दिल्यास पोटात व्रण होतात आणि मूत्रपिंडावर ताण येतो. माणसांच्या दुकानातून डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन आणून टोचणे अजूनही चालते, पण गिधाडांच्या मृत्यूंमुळे जनावरांसाठी त्याच्यावर २००६ पासून बंदी आहे. अन्य दुखण्यासाठी कोणी स्टेरॉइड देऊ लागले तर घोड्याला लॅमिनायटिस होऊन गेल्याचे आधी सांगावे.

नालबंदाला बोलवण्यापूर्वी दोन्ही खुरांचे बाजूने एक्स-रे काढावेत, आणि शक्य असल्यास यंत्रच तबेल्यात आणवावे, म्हणजे घोड्याला टेम्पोत चढवावे लागत नाही. आत हाड किती झुकले आहे ते पाहूनच पुढचे टोक किती मागे घ्यायचे आणि टाच किती उतरवायची ते ठरते. तळवा मात्र मुळीच तासू देऊ नये. पातळ झालेल्या तळव्याखाली हाडाचे टोक असते. आमचा नालबंद हाताचा उत्तम, पण तळवा ‘साफ’ करण्याची त्याची सवय मोडायला मला एक्स-रेची फिल्म उजेडात धरून दाखवावी लागली. खुरांची साळणी दर चार ते सहा आठवड्यांनी व्हावी.

सावरतानाच कधी घोडा एकाएकी एक पाय टेकेनासा होतो. हा दर वेळी नवा झटका नसतो. पुष्कळदा मेलेल्या पापुद्र्यांत पू साठलेला असतो. माझ्या घोडीच्या डाव्या खुराच्या वरच्या कडेला, केसांच्या रेषेत, चौथ्या दिवशी काळसर, कुजका वास येणारा स्राव फुटला आणि तासाभरात तिने पाय टेकला. पू डॉक्टरांकडूनच काढवून घ्यावा आणि धनुर्वाताची लस दिलेली आहे याची खात्री करावी.

वेदनाशामक बंद करून किमान दोन आठवडे घोडा तबेल्यात सहज वावरत असेल आणि डॉक्टरांनी होकार दिला असेल, तरच म्होरकीला धरून पाच मिनिटे मऊ मातीत, सरळ रेषेत चालवावे. लहान रिंगण, रपेट, आणि नाच तर अजिबात नको. मोकळे सोडताना पावसाच्या पहिल्या कोवळ्या गवतापासून आणि पौषातल्या हिरव्या गव्हापासून त्याला दूर ठेवावे. गार रात्र आणि लख्ख ऊन लागोपाठ आले की त्या गव्हात साखर साठते. बांधावरून नेताना कोळपणीला बैलाला घालतात तसे, श्वास मोकळा राहील असे मुसके चढवावे.

झटक्यानंतर खुरावर आडवी खोल वळी उमटते. तिच्याखालचा भाग जुना आणि वरचा नवा. दर महिन्याला केसांच्या रेषेपासून वळीपर्यंतचे अंतर पट्टीने मोजून वहीत लिहावे. माझ्या घोडीची वळी पुढच्या कार्तिकात जमिनीला लागली. त्यानंतरच एक्स-रे पुन्हा काढला आणि खोगीर घातले, तेही नांगरून मोकळ्या पडलेल्या शेतात.