लहान मुलांच्या घरी प्राणी आणताय? या चुका टाळा

चवथ (गणेशचतुर्थी) जवळ आली किंवा शाळेला मे महिन्याची सुट्टी पडली, की माझा फोन वाजायला लागतो. "भाई, पोराला ॲलर्जी आहे, केस न गळणारी कुठली तरी जात सांगा. रविवारपर्यंत मिळाली तर बरं." रविवारपर्यंत! फ्रीज घ्यायचा असला तरी माणूस चार दुकानं फिरतो.

गोव्यात म्हापशात राहून मी कुत्र्या-मांजरांना घरं शोधून देतो. धंदा नाही, नाद आहे. पण त्याच त्या चुका बघून आता वीट आलाय, म्हणून एकदाचं लिहून टाकतो. पुढचा फोन आला की हेच पाठवीन.

केस बघून जनावर निवडणं

ही चुकांची आई. ॲलर्जी केसांची नसतेच. जनावराच्या लाळेत, त्वचेच्या कोंड्यात आणि लघवीत काही प्रथिनं असतात, त्रास त्यांचा होतो. मांजराचं मुख्य प्रथिन म्हणजे फेल डी १. ते लाळेत आणि त्वचेतल्या तेलाच्या ग्रंथींत तयार होतं. मांजर दिवसभर अंग चाटत बसतं, लाळ वाळते आणि तिचे बारीक कण घरभर तरंगतात. केस हे त्या कणांचं नुसतं वाहन. बिनकेसाचं महागडं मांजर आणलंत तरी तेही अंग चाटणारच.

कुत्र्यांचंही तेच. शिह त्झू, पूडल, माल्टीज या जाती 'हायपोॲलर्जेनिक', म्हणजे ॲलर्जी कमी करणाऱ्या, म्हणून चढ्या भावात विकल्या जातात. २०११ साली अमेरिकेत डेट्रॉइटच्या संशोधकांनी अशा जातींची घरं आणि बाकीच्या कुत्र्यांची घरं यांतली धूळ तपासली. कॅन एफ १ या कुत्र्याच्या मुख्य प्रथिनाच्या प्रमाणात फरक सापडला नाही. पुढच्याच वर्षी नेदरलँड्समधल्या अभ्यासात तर या 'सुरक्षित' जातींच्या केसांवर ते जास्तच निघालं. फरक असतो तो एकेका जनावरात, कधी एकाच विणीतल्या दोन पिल्लांतसुद्धा. काही माणसांना फक्त नर कुत्र्याचा त्रास होतो, कारण कॅन एफ ५ नावाचं प्रथिन नराच्या प्रोस्टेट ग्रंथीत बनतं. अशांना मादी चालून जाते. मांजरांत नसबंदी न केलेला बोका सगळ्यात त्रासदायक. पण विकणारा तुम्हांला हे कशाला सांगेल?

पर्वरीच्या एका घराची गोष्ट सांगतो. मुलगी पाच वर्षांची, बारमाही शिंका. कुणीतरी आईच्या डोक्यात भरवलं, की पर्शियन मांजराचे केस लांब, त्यात कोंडा अडकून राहतो, हवेत उडत नाही. मोबाईलवर फोटो बघून पिल्लू ठरलं, पैसे आगाऊ गेले, आणि रात्रीच्या बसमधून फळांच्या करंडीत बसून ते बंगळुरूहून आलं. थोड्याच दिवसांत मुलीच्या मानेवर आणि दंडावर लाल गोल चट्टे उठले. घरात सगळ्यांचं निदान एकच: मांजराची ॲलर्जी. डॉक्टरकडे कोण जातो? फार्मसीतून एक मलम आणलं, त्यात स्टेरॉइड होतं. दोन दिवस चट्टे दबले, मग पोटावर पसरले, मग आईच्या हातावरही आले. तेव्हा मला फोन: "हे मांजर आजच्या आज घेऊन जा."

गेलो. पिल्लाच्या कानामागे रुपयाएवढा केस गेलेला डाग, वर पांढरी खपली. ॲलर्जी कसली, गजकर्ण! ती बुरशी आहे. मांजराकडून मुलांना सहज लागते, आणि तिच्यावर स्टेरॉइडचं मलम चोळलं की ती आणखी फोफावते. त्वचेच्या डॉक्टरांनी औषध बदललं, मुलगी बरी झाली. मांजराला जास्त वेळ लागला, कारण त्याला औषधासोबत घरातल्या गाद्या-पडद्यांची सफाईही लागली. त्याच खेपेला मुलीची ॲलर्जीची चाचणी करून घ्या म्हणून मी हट्ट धरला. निघालं काय? मांजराची ॲलर्जी जवळपास नाहीच. धुळीतल्या किड्यांची मात्र सणसणीत. म्हणजे त्या शिंका मांजर यायच्या आधीपासून गादीतून येत होत्या. मांजर अजून तिथेच आहे, बोक्यासारखं माजलंय.

गोव्यात हे होणारच. हे किडे पाणी पीत नाहीत, हवेतला ओलावा शोषून जगतात, आणि जून ते सप्टेंबर आपल्याकडे ओलाव्याला तोटा नाही. भिंतीला बुरशी, कपाटातल्या चपलांना बुरशी, उशीत किडे. पावसाळ्यात आणलेल्या कुत्र्याच्या माथी हे सगळं फोडू नका. आधी मुलाला ॲलर्जीच्या डॉक्टरकडे न्या. त्वचेवर टोचून करतात ती चाचणी सोपी असते. फक्त शिंकांच्या गोळ्या त्याआधी काही दिवस बंद ठेवाव्या लागतात, त्या किती दिवस ते डॉक्टरलाच विचारा. जनावर नंतर.

पहिल्या भेटीत शिंक आली नाही म्हणून लगेच घरी आणणं

ॲलर्जी अंगात मुरायला वेळ लागतो. अर्धा तास पिल्लाला मांडीवर घेऊन काही झालं नाही, याचा अर्थ काहीच नाही. माझी पद्धत साधी आहे. आधी त्या जनावराच्या अंगावर फिरवलेला टॉवेल मुलाच्या खोलीत काही दिवस ठेवायचा. मग भेटी, त्याही बंद खोलीत, अंगणातल्या वाऱ्यावर नव्हे. मग महिनाभर सांभाळायला न्यायचं, 'दत्तक' हा शब्द काढायचा नाही. मुलाला दमा असेल तर यातलं काहीही डॉक्टरला विचारल्याशिवाय करायचं नाही. एवढं ऐकलं की निम्मे लोक फोन ठेवतात. ठेवू देत. घाईत आणलेलं जनावर सहा महिन्यांनी शिवोलीच्या नाहीतर कळंगुटच्या किनाऱ्यावर सोडलेलं सापडतं, ते मी बघतो, आणणारे बघत नाहीत. आणि मांजर गेलं तरी त्याचे कण घरात पुढे कित्येक महिने राहतात, त्यामुळे 'काढून टाकलं तरी शिंका थांबेनात' म्हणून पुन्हा मलाच फोन.

आणल्यावर: मुलाच्या झोपायच्या खोलीत जनावर नाही. म्हणजे नाहीच, रविवारीही नाही. केरसुणी फिरवून कण उडवण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसा. चादरी कडकडीत पाण्यात धुवा. कुत्र्याला आंघोळ घातली की कण कमी होतात खरे, पण दोन-चार दिवसांत पूर्ववत. म्हणून रोज शॅम्पू घालणारे महाभाग असतात. त्याने कुत्र्याची कातडी कोरडी पडते, कोंडा आणखी वाढतो.

गुरगुरणाऱ्या कुत्र्याला गप्प करणं

"लॅब्राडोर आहे हो, काही करत नाही." हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. रांगतं पोर कुत्र्याच्या पाठीवर चढवून व्हिडिओ काढायचे आणि खाली लिहायचं, 'भावंडं'. त्या व्हिडिओत कुत्रा काय करतोय ते कुणी बघत नाही. तोंड फिरवतोय, झोप आली नसताना जांभई देतोय, ओठ चाटतोय, डोळ्यांचे पांढरे कोपरे दिसताहेत, अंग ताठ झालंय. तो त्याच्या परीने 'पुरे' म्हणतोय.

डिचोलीत असाच एक लॅब्राडोर होता, खरोखर गुणी. दोन वर्षांचा नातू त्याचे कान ओढायचा, तो उठून दुसरीकडे जायचा. नातू मागे जायचा. एके दिवशी कुत्रा गुरगुरला. आजोबांनी वर्तमानपत्राची गुंडाळी करून हाणली. पुन्हा गुरगुरला, पुन्हा हाणली. मग कुत्रा गुरगुरायचा थांबला आणि घरच्यांना वाटलं, सुधारला. चवथीला घर पाहुण्यांनी भरलं, बाहेर फटाके, कुत्रा बाकाखाली, आणि नातू त्याला बाहेर ओढायला आत शिरला. गालाला टाके पडले. सगळे म्हणाले, "अचानक चावला." अचानक कसला? सूचना द्यायची सवय तुम्हीच मारून मारून मोडलीत.

गुरगुरला तर पोराला उचला, कुत्र्याला नका मारू. कुत्र्याला एक कोपरा द्या, बाल्कांवात (घरापुढच्या ओसरीत) नाहीतर जिन्याखाली, आणि तिथे मुलांना बंदी. सहाएक वर्षांच्या आतलं मूल आणि कुत्रा यांना एकत्र सोडून स्वयंपाकघरातसुद्धा जायचं नाही. दूध उतू गेलं तर जाऊ दे. आणि चावलाच, अगदी घरचा लस दिलेला असला तरी, जखम नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि डॉक्टर गाठा. २०२१ साली गोवा रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालं, तेव्हापासून "आता इंजेक्शन कशाला?" असं विचारणारे भेटतात. ते नियंत्रण लसीकरणामुळेच आलं, बाबांनो.

मला विचाराल तर लहान मुलांच्या घरी पिल्लू आणूच नये. दुधाचे दात सुईसारखे, आणि चावून बघणं हाच त्याचा खेळ. दोन-तीन वर्षांची, नसबंदी झालेली गावठी कुत्री आणा. स्वभाव काय तो दिसलेला असतो, आपला उकाडा तिला झेपतो, आणि आसगाव-शिवोलीकडच्या आश्रयस्थानांत तिच्यासारख्या वाट बघत पडलेल्या असतात. पिल्लूच हवं असेल तर आठ आठवड्यांच्या आतलं घेऊ नका. २०१७ च्या नियमांनुसार ते विकताही येत नाही.

बाकीच्या, भराभर

हस्की, बर्फातला कुत्रा? गोव्यात? नाही.

पिंजऱ्यातला कीर, म्हणजे पोपट, आजीच्या काळापासून असला तरी १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो पाळायला बंदी आहे. कॉकटील पाळता येतो, पण त्याच्या पिसांतून पांढरी भुकटी झडते, दम्याच्या घरात तो नको.

ससा मऊ दिसतो म्हणून मुलांना उचलायला देतात. त्याला उचललेलं आवडत नाही. जोरात लाथा झाडताना त्याचा स्वतःचा कणा मोडू शकतो. गिनी पिग त्यापेक्षा शांत. पण त्याला आहारातून क जीवनसत्त्व मिळालंच पाहिजे, आणि सुकं गवत लागतं. ते गवत पावसाळ्यात बुरशी धरतं. ॲलर्जी जनावराची की गवताची, हे शोधत बसाल.

हॅम्स्टर दिवसा झोपतो. मुलं त्याला उठवतात, तो चावतो.

छोटं कासव पाच वर्षांच्या आतल्या मुलांच्या घरी अजिबात नको. अंगावर साल्मोनेला जंतू असतात आणि मुलं त्याचे मुके घेतात. अमेरिकेत चार इंचांहून लहान कासव विकायला १९७५ पासून बंदी आहे ती याचसाठी. शिवाय लाल कानांचं ते कासव ताटलीएवढं होतं. मग लोक ते देवळाच्या तळीत सोडतात आणि पुण्य केलं म्हणतात.

दिवाळीत नवीन जनावर आणू नका. नरकासुराच्या रात्री स्पीकर चालू असताना जुना कुत्रासुद्धा पलंगाखाली असतो.

सत्तरीकडे राहत असाल आणि कुत्रा काजूच्या बागेत हिंडत असेल, तर घरात घ्यायच्या आधी कान आणि बोटांच्या बेचक्या गोचिडींसाठी तपासा. २०१५-१६ मध्ये माकडतापाने तिथे काय केलं ते विसरायला नको. तो जंगलातल्या गोचिडींमुळेच पसरतो.

आणि मुलाचा दमा जोरात असेल, डॉक्टर नको म्हणत असतील, तर वाद न घालता मासे आणा. टाकीत पाणी भरून त्याच संध्याकाळी मासे सोडायचे नाहीत. पाण्यात उपयोगी जिवाणू तयार व्हायला काही आठवडे लागतात. गप्पी टिकाऊ, मुलांना पिल्लंही बघायला मिळतात. फक्त खाद्य घेताना डबीवरचं नाव वाचा. लाल सुक्या अळ्यांची डबी दम्याच्या घरात आणू नका, तिच्या भुकटीची ॲलर्जी होते. साधे दाणे आणा, ते मुलाच्या तळहातावर मोजून द्या आणि डबी वरच्या फळीवर ठेवा.