जुन्या वाड्याला नवा दगड बसवायचाय? आधी दोन्ही दगड ओले करून बघा

पारोळा, अमळनेरकडच्या जुन्या वाड्यांचं जोतं काळ्या दगडाचं, आणि एखादा चिरा फुटला की सगळे म्हणतात काळा दगड तो काळा दगड, खाणीतून आणा नि बसवा. आम्हीही तेच केलं. एप्रिलच्या उन्हात धुळीनं माखलेले दोन्ही दगड सेम दिसत होते, पण मृगाचा पाऊस पडला आणि जुना झाला काळाभोर, नवा मात्र चट्ट्याचट्ट्यांचा, दोन दिवस वाळेचना.

कारण साधं आहे. आपला काळा दगड म्हणजे बेसाल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा, एकाच खाणीत ठोस दगडही निघतो आणि बारीक भोकांचा, पांढऱ्या ठिपक्यांचाही. भोकाचा पाणी पितो.

म्हणून आधी भिंतीचा एक कोपरा साध्या पाण्यानं नि मऊ ब्रशनं धुवा, ॲसिड नको. मग जुन्या दगडाची पडलेली कपची घ्या, ताजी फोडा आणि आतला रंग, दाणा बघा, वरून दिसतो तो तपकिरी रंग लोहाला गंज चढून आलेला असतो, त्याच्याशी मॅच करायला गेलात तर फसलात. खाणीतून तीन-चार नमुने आणा, जुन्यासोबत ओले करून ठेवा, कोणता किती वेळात वाळतो ते बघा. हातोडी मारा, ठोस दगड खणकन वाजतो. पडक्या वाड्याचे चिरे मालकाला विचारून मिळाले तर खाणीच्या नादी लागूच नका.

आता टाकीचं, म्हणजे दगड घडायच्या छिन्नीचं काम, इथेच बहुतेक जण घालवतात. मशीननं कापलेला चिरा गुळगुळीत, शेजारचा हातानं घडलेला, रंग जुळूनही तो ठिगळासारखा दिसतो. पाथरवटाला जुन्या चिऱ्यावरच्या टाकीच्या रेघा बोट फिरवून दाखवा, अंतर आणि तिरकेपणा तसाच मागा. नुसता कोपरा उडाला असेल तर अख्खा चिरा काढू नका, तेवढाच तुकडा जोडा.

दरजा, म्हणजे दोन चिऱ्यांमधल्या फटी, चुन्यानंच भरा भाऊ. सिमेंटनं भरल्या की भिंतीतली ओल अडकते, कडेनं पांढरा खार फुटतो. नवा दगड जुना दिसावा म्हणून तेल-बिल चोळू नका, धूळ चिकटते.

चांगदेवच्या मंदिरासारखं संरक्षित स्मारक असेल तर यातलं काहीच स्वतः करायचं नाही, तिथे पुरातत्त्व खातं. आणि हे काम मे महिन्यात काढू नका, आपल्याकडच्या उन्हात चुना लगेच सुकून भुगा होतो, थंडीत करा आणि आठवडाभर ओलं गोणपाट लावून ठेवा.