औषधाआधी किडीची अवस्था बघा: बेळगाव सीमाभागासाठी मृगाच्या तोंडावरचा कृषी सल्ला

शेतकरी बंधू-भगिनींनो, वळवाचे एक-दोन दमदार पाऊस झाले की बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिक्कोडी, निपाणी या साऱ्या पट्ट्यात पेरणीची लगबग सुरू होते. किडींचं वर्षही त्याच आठवड्यात सुरू होतं. पुढचे चार महिने दुकानात एकच मागणी ऐकू येणार, "अळीवर काहीतरी जालीम द्या." तिथं जाण्याआधी शेतात दोन गोष्टी बघून घ्या. कीड सध्या कुठल्या अवस्थेत आहे, आणि ती पान कुरतडते की रस ओढते. हे न बघता मारलेला फवारा बहुतेक वेळा वायाच जातो.

हुमणीचं आधी बोलू, कारण तिची वेळ आत्ता आहे. उसाच्या आणि भुईमुगाच्या मुळ्या खाणारी पांढरी अळी आपल्या नजरेस पडते ऑगस्टनंतर, पण तिची आई या वळवातच जमिनीतून वर येते. माळरानाच्या हुमणीचे तपकिरी भुंगेरे दिवेलागणीनंतर उडून कडुनिंब, बाभूळ, बोर अशा झाडांवर जमतात. तिथंच पाला खातात, तिथंच नर-मादीचं मीलन होतं आणि उजाडायच्या आत ते परत मातीत शिरतात. एक मादी ओल्या मातीत तीन-चार इंच खोल, सुटी सुटी अशी 50 ते 60 अंडी घालते. 10 ते 15 दिवसांत अळी निघते. पहिला महिनाभर ती कुजका काडीकचरा आणि बारीक मुळ्यांवर भागवते. मग दोनदा कात टाकते, आणि तिसऱ्या टप्प्यात तिची खरी भूक सुरू होते. ऑगस्ट ते ऑक्टोबर ऊस पिवळा पडतो आणि जरा ओढला की उपटून हातात येतो, तो या टप्प्यात. थंडीच्या सुमारास अळी खोल जाऊन कोष करते. कोषातून झालेला भुंगेरा पुढच्या वळवापर्यंत जमिनीतच पडून राहतो. वर्षाला एकच पिढी.

म्हणून सांगणं आहे की हुमणी मारायची ती आत्ता, भुंगेरा असताना. पाऊस झाल्यावर संध्याकाळी सात ते नऊ या वेळात बांधावरची झाडं काठीनं हलवा, खाली पडलेले भुंगेरे गोळा करून रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाका. प्रकाश सापळा लावला तर उत्तमच. एकट्यानं करून मात्र भागणार नाही, शेजारच्या बांधावरचा भुंगेरा रात्रीत तुमच्या रानात येतो. गल्लीनं, गावानं मिळून करावं लागेल. जुलैत जमिनीत ओल असताना मेटारायझियम बुरशी चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून मुळांशी द्या, लहान अळीला ती लागू पडते. सप्टेंबरात खोल गेलेल्या थोराड अळीपर्यंत औषध पोचवणं फार अवघड आणि फार महाग.

शेणखताच्या खड्ड्यात जाड पांढऱ्या अळ्या दिसल्या की पुष्कळजण घाबरतात. एक अळी सपाट जमिनीवर ठेवून बघा. ती उलटी होऊन पाठीवर सरकत चालू लागली, तर ती हुमणी नव्हे. ती खत कुजवणाऱ्या भुंगेऱ्याची अळी, तिला राहू द्या. हुमणी अर्धगोल होऊन कुशीवर पडून राहते.

आता शरीराकडे. कीटकाला डोकं, छाती, पोट असे तीन भाग आणि छातीला सहा पाय. हाडं आत नसतात, बाहेरचं कडक कवच हाच त्याचा सांगाडा. कवच वाढत नाही, म्हणून वाढायचं तर कात टाकावी लागते. निंबोळी अर्क याच जागी घाव घालतो: अळीचं खाणं मंदावतो आणि कात टाकणं बिघडवतो. म्हणून तो लहान अळीवर चालतो, मोठीवर फारसा नाही, आणि परिणाम दिसायला तीन-चार दिवस जातात. दुसऱ्या दिवशी अळी जिवंत दिसली म्हणून निंबोळीला नावं ठेवू नका. 5 किलो निंबोळी पावडर रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून, 100 लिटर पाणी केलं की 5 टक्के अर्क तयार. यंदाच्या निंबोळ्या आत्ताच वेचून वाळवा.

मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी देशात पहिल्यांदा दिसली ती 2018 साली, आपल्याच कर्नाटकात. डोक्यावर उलटा वाय आणि शेपटाकडं चौकोनात चार ठिपके, ही तिची खूण. मादी पानावर पुंजक्यानं अंडी घालून वर केसांचं आवरण देते. असे पुंजके हातानं चुरडणं सगळ्यात स्वस्त. पानावर पांढुरके खरवडलेले पट्टे दिसले की अळी लहान आहे, निंबोळी मारा. पोंग्यात, म्हणजे मधल्या गुंडाळलेल्या पानांत, भुसा दिसू लागला की अळी आत दडली. मग इमामेक्टिन बेंझोएट 5 टक्के, 10 लिटर पाण्याला 4 ग्रॅम, संध्याकाळी, आणि नोझल पोंग्यात धरून.

सोयाबीनवर चक्रीभुंगा देठाला दोन गोल खाचा पाडून मधे अंडी घालतो, वरचा भाग सुकून लोंबतो. असा देठ खालच्या खाचेच्या खालून मोडून नष्ट करा, आतली अळीही गेली. खानापूरकडच्या भात रोपाचे शेंडे लावणीआधी खुडले तर खोडकिड्याची अंडी रोपवाटिकेतच राहतात; खुडलेले शेंडे जाळून टाका.

मावा, तुडतुडे यांना कोष नसतो. पिल्लू पहिल्या दिवसापासून रस ओढतं. पान कुरतडणाऱ्या अळीचं पोटविष इथं कामाचं नाही, रसात उतरणारं आंतरप्रवाही औषध लागतं. आठ पाय दिसले तर तो लाल कोळी, कीटकच नव्हे. त्याला कोळीनाशकच पाहिजे.

माव्याच्या गर्दीत काळसर, नारिंगी ठिपक्यांची, इवल्या मगरीसारखी अळी फिरताना दिसली तर फवारा थांबवा. ती ढालकिड्याची अळी, मावा खाऊन जगते. तिच्या रूपामुळे लोक तिलाच आधी मारतात, याचं फार वाईट वाटतं.

कीड ओळखू येत नसेल तर जिवंत किडी, खाल्लेल्या पानासकट, भोकं पाडलेल्या डब्यात घालून कृषी खात्याच्या जवळच्या रयत संपर्क केंद्रात किंवा मत्तिकोप्पच्या केएलई कृषी विज्ञान केंद्रात न्या. हुमणीला कन्नडमध्ये 'गोण्णे हुळू' म्हणतात, तसं सांगितलं की काम लवकर होतं. पीक किती दिवसांचं आहे आणि आधी कुठलं औषध मारलं, हेही लिहून न्या.