बाटली मुलाच्या हातात द्या, हिशेब त्यालाच करू द्या

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून परतताना मुलाने एनर्जी ड्रिंक मागितले, तर लगेच नाही म्हणू नका. विकत घेण्याआधी मागचे लेबल त्यालाच वाचायला लावा. साखरेचा आकडा बहुधा 100 मिलीचा असतो, बाटलीचा नव्हे, आणि मुले इथेच चुकतात. समजा 100 मिलीत 11 ग्रॅम साखर आहे. मग 500 मिलीत 55 ग्रॅम. एका चमच्यात साधारण 4 ग्रॅम मावते, म्हणजे जवळजवळ 14 चमचे! घरी ती वाटीत मोजून दाखवा. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना उपदेशापेक्षा स्वतः केलेले गणित पटते, असे मला मनापासून वाटते.

कॅफिनचा इशाराही शोधायला सांगा. अशी पेये लहान मुलांसाठी नाहीत, हे डब्यावर बारीक अक्षरांत छापलेले असते.

मग छापील किंमत. थंड केल्याचे म्हणून दुकानदार एमआरपीहून जास्त पैसे मागत असेल, तर ते बेकायदेशीर आहे. बिल मागायचे, आणि ऐकले नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करायची. फोन मुलालाच करू द्या, तुम्ही फक्त शेजारी बसा.