वावराचा सौदा: रजिस्ट्रीआधी फेरफार वाचा

विदर्भात वावर (शेतजमीन) घेणारे लोक सगळी काळजी रजिस्ट्रीच्या दिवसासाठी राखून ठेवतात. मुद्रांक कितीचा, साक्षीदार कोण, किती वाजता पोचायचे. खरे तर तो सगळ्यात सोपा दिवस. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो. विकणाराच पूर्ण मालक आहे, याची हमी तो देत नाही. विकणाऱ्याचा हक्क जेवढा, तेवढाच तुमच्याकडे येतो. त्याचा हक्क चार आणे असेल, तर सोळा आण्यांचे पैसे मोजूनही तुमच्या पदरात चार आणेच पडतात.

सातबारा आणि ८-अ (खातेदाराच्या सगळ्या जमिनींचा उतारा)

डिजिटल स्वाक्षरीचे ताजे उतारे स्वतः काढा. विकणाऱ्याने हातात दिलेल्या झेरॉक्सवर सौदा करू नका.

फेरफारांची साखळी

इथे माणसे फसतात. "सातबारा कोरा आहे, बिनधास्त घ्या" हा सल्ला देणाऱ्याला कोरा म्हणजे बोजा नसलेला एवढेच ठाऊक असते. सातबारा आज कोणाचे नाव आहे ते सांगतो. ते नाव तिथे कसे आले, हे फेरफार, म्हणजे नाव बदलल्याची नोंद, सांगतो.

सातबाऱ्यावर नावांच्या आसपास फेरफारांचे आकडे असतात. हाताने लिहिलेल्या जुन्या उताऱ्यावर ते वर्तुळात असतात आणि कमी झालेल्या नावाला कंस केलेला असतो. ते सगळे आकडे कागदावर उतरवा आणि प्रत्येक फेरफाराची नक्कल मागा. अलीकडचे पटवाऱ्याकडे मिळतात, जुने तहसीलच्या अभिलेख कक्षात. किमान तीस वर्षे मागे जा. मधला एक जरी आकडा सापडत नसेल तर इसार (आगाऊ रक्कम) देऊ नका, मग मध्यस्थ कितीही घाई करो.

प्रत्येक नकलेवर तीन गोष्टी बघा: जमीन कशाने आली (विक्री, वारसान, वाटणी, बक्षीस की कुळकायदा), कोणाचे नाव कमी झाले, आणि कोणाचे नाव यायला हवे होते पण आले नाही. तिसरी गोष्ट कागदावर लिहिलेली नसते. ती गावात विचारावी लागते.

वारसान फेरफारात नेमके हेच होते. बाप वारला, फेरफार झाला, त्यात तीन भावांची नावे चढली. घरात दोन बहिणीही होत्या, त्या लग्न होऊन दुसऱ्या तालुक्यात गेल्या. "त्यांचे नाव सातबाऱ्यावर नाही, म्हणजे हक्क नाही" असे गावात सर्रास म्हटले जाते आणि ते साफ चूक आहे. फेरफार ही महसुलाची नोंद आहे. तिच्यामुळे हक्क निर्माण होत नाही आणि बुडतही नाही. हिंदू वारसा कायद्यात बापाच्या हिश्शात मुलगी १९५६ पासूनच वारस आहे. ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत तिला मुलाइतकाच जन्मतः हक्क मिळाला. त्या तारखेला बाप हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले.

दुसरा धोका याहून फसवा. फेरफारात बहिणींची नावे असतात, पुढच्याच फेरफाराने ती कमी झालेली दिसतात आणि कारण लिहिलेले असते: "अर्जावरून". म्हणजे साध्या अर्जावर किंवा शंभराच्या मुद्रांकावर घेतलेली सही. स्थावर मिळकतीतला हक्क सोडायचा तर हक्कसोडपत्र नोंदणीकृतच लागते. म्हणून त्या फेरफारात दस्त क्रमांक आणि तारीख शोधा. ती नसेल तर बहिणींचा हक्क जिवंत आहे असे धरूनच पुढे चला.

उपाय सोपा आहे, लोक तो टाळतात इतकेच. सगळ्या बहिणी विक्रीपत्रात "लिहून देणार" म्हणून याव्यात. साक्षीदार म्हणून सही घेऊन भागत नाही; साक्षीदाराची सही ही दस्त समोर झाल्याची साक्ष असते, तिने हक्क सुटत नाही. किंवा आधी भावांच्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून घ्या, फेरफार होऊ द्या आणि मग विक्री करा. एखादी बहीण वारली असेल तर तिची मुले-मुली आणि नवरा वारस. दूर राहणाऱ्या बहिणीकडून नोंदणीकृत मुखत्यारपत्र घेता येते. आणि तिला तिचा वाटा देऊनच सही घ्या. ते न्यायाचे आहे आणि तुमच्या वावरासाठी सगळ्यात भक्कम संरक्षणही तेच आहे.

सातबाऱ्यावर "अ.पा.क." (अज्ञान पालन कर्ता) दिसले तर थांबा. ते अज्ञानाचे नाव आहे, म्हणजे वारस अठराच्या आतला होता. त्याचा हिस्सा आईला किंवा बापाला जिल्हा न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. असा व्यवहार ते मूल अठरा पूर्ण झाल्यापासून तीन वर्षांच्या आत रद्द करायला न्यायालयात जाऊ शकते. आता तो वारस मोठा झाला असेल तर स्वतः त्याचीच सही घ्या.

वर्ग आणि इतर हक्क

भोगवटादार वर्ग २ असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून विक्री नाही. सरकारी पट्टा, सिलिंग आणि भूदानाच्या जमिनी यात सापडतात आणि विनोबांच्या वर्ध्याजवळच्या पवनार आश्रमामुळे भूदानाच्या नोंदी आपल्याकडे बऱ्याच आहेत. आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीने घ्यायची तर जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे परवानगी लागते. त्या वाटेला "तडजोड" म्हणून कोणी दुसरा रस्ता दाखवत असेल तर उठून या. पूर्व विदर्भात नोंद "झुडपी जंगल" असेल तर विषय तिथेच संपतो. सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी त्या जमिनी वनजमीन ठरवल्या आहेत.

घेणारा शेतकरी हवा. इंटरनेटवर याबाबत कलम ६३ वाचायला मिळते, ते पश्चिम महाराष्ट्राच्या कायद्याचे. आपल्याला १९५८ चा विदर्भासाठीचा कुळकायदा लागू आहे आणि त्यात कलम ८९ बघायचे.

मोजणी, धुरा (बांध), पांधन (शेतरस्ता)

कापूस-तूर निघाल्यावर भूमी अभिलेखकडून मोजणी करून घ्या. उभ्या पिकात निशाण्या नीट लागत नाहीत. सातबारा दोन हेक्टर म्हणतो आणि धुऱ्याच्या आत एक हेक्टर ऐंशी आर भरते, असे होते. पैसे मोजणीत भरलेल्या आराजीचे (क्षेत्राचे) द्या. बैलगाडी आणि ट्रॅक्टर कुठून जातो तेही बघा. "शेजारी जाऊ देतो" हा रस्ता नव्हे. वहिवाट असेल तर चतुःसीमेबरोबर दस्तात लिहा. विहिरीतला हिस्सा आणि पंपाची जोडणीही लिहा. वावर बटईने (पिकाच्या वाट्यावर) किंवा मक्त्याने (ठरावीक रकमेवर) दिलेले असेल तर उभे पीक कोण काढणार, हेही त्यातच यावे.

इसार

इसारपत्रावर सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या हव्यात. एकट्या थोरल्या भावाची सही त्याच्या हिश्शापुरतीच. मुदत लिहा, बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा कोण आणि कधी उतरवणार ते लिहा. वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख देऊ-घेऊ नका. आयकर कायद्यात दंड तेवढ्याच रकमेचा आहे.

रजिस्ट्री

मुद्रांक शुल्क सरकारी मूल्य आणि सौद्याची रक्कम यांपैकी जास्त असेल त्यावर लागते. नोंदणी शुल्क एक टक्का, कमाल तीस हजार. सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदवा. अर्जनवीसाने (दस्त लिहिणाऱ्याने) लिहिलेला गट नंबर, आराजी आणि प.ह.नं. (पटवारी हलका नंबर) सातबारा समोर धरून आकडा-आकडा तपासा. नंतरच्या चूकदुरुस्ती पत्रासाठी सगळे विकणारे पुन्हा हजर करावे लागतात.

तुमचा फेरफार

नोंदणीनंतर माहिती ऑनलाइन पटवाऱ्याकडे जाते, पण आठवड्याभरात जाऊन फेरफार क्रमांक पडला का ते बघाच. हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. हरकत आली तर प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जाते आणि तुम्ही जमवलेल्या जुन्या फेरफारांच्या नकला तिथे कामी येतात. नवा सातबारा निघाला की नावातली वेलांटी, आराजी आणि इतर हक्कातला उतरलेला बोजा तपासा आणि पेरणी झाली की ई-पीक पाहणी स्वतःच्या नावाने नोंदवा.