कडुनिंबाचा पाचोळा जाळू नका

ग्वाल्हेरात मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत चढतो, दिवसभर लू (गरम वारा) वाहते. अशा वेळी अंगणातला पाचोळा पेटवू नका, अगदी छोटा ढीगसुद्धा! वाऱ्यावर उडालेली एक ठिणगी शेजारच्या रिकाम्या प्लॉटमधल्या वाळक्या गवतात पडली, की आग आवरता आवरत नाही. तोच पाला झाडांच्या आळ्यात चार बोटं जाड पसरा, खोडापासून वीतभर दूर. वरून भाजी धुतलेलं पाणी घाला. भर दुपारी पाला बाजूला करून बघा, खालची माती हाताला गार लागते. शहराला मिळणारं तिघरा धरणाचं पाणी जपून वापरावं लागतं, पण ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या घरातल्या मोगऱ्याला आता एक दिवसाआड तांब्याभर पुरतं. घराच्या भिंतीलगत मात्र पाला साठू देऊ नका.