बाथटबला सरकती काच बसवताय? काच सगळ्यात शेवटी निवडा

टबाचा पडदा काढून सरकती काचेची दारं लावायची ठरली की पहिला प्रश्न येतो काच साधी घ्यायची की फ्रॉस्टेड, आणि फिटिंग काळं की स्टीलचं. दुकानातही बोलणं तिथूनच सुरू होतं, कारण दाखवायला तेच सोपं. पण दार गळेल की नाही, चार वर्षांनी सहज सरकेल की अडकेल, घरातल्या माणसांना आत-बाहेर करायला सोयीचं होईल की नाही, यातलं काहीही काचेच्या रंगावर ठरत नाही. ते ठरतं टबाच्या काठावर, दोन बाजूंच्या भिंतींवर आणि घरात कोण कोण आंघोळ करतं यावर. म्हणून काचेचा नंबर शेवटी लावा.

पायरी १ : आधी घरातली माणसं बघा

टबाची सरकती दारं बहुधा दोन पल्ल्यांची असतात. दोन्ही पल्ले एकमेकांच्या पुढे-मागे सरकतात, पण एका वेळी उघडी राहते ती निम्मीच जागा. पाच फुटी टबावर दोन भिंतींमधलं अंतर १५०० मिमी धरलं आणि पल्ले मध्ये ५० मिमी एकमेकांवर आले, तर प्रत्येक पल्ला ७७५ मिमीचा होतो. उरलेल्या जागेतून हँडल आणि स्टॉपर वजा केलात की हाती येतात साधारण ६५० ते ७०० मिमी, म्हणजे जेमतेम सव्वादोन फूट. टबाचा काठ जमिनीपासून ५०० ते ५५० मिमी उंच असतो. सव्वादोन फुटांच्या फटीतून, ओल्या पायांनी, तेवढा उंच काठ ओलांडायचा आहे.

तरुण माणसाला त्यात काही वाटणार नाही. गुडघे दुखणाऱ्या आजीला वाटेल. घरात सत्तरीच्या पुढचं माणूस तोच टब वापरणार असेल, तर माझं स्पष्ट मत आहे की सरकती दारं लावू नका. शॉवरच्या बाजूला एकच स्थिर काच लावा आणि बाकीची बाजू मोकळी ठेवा. शक्य असेल तर टबच काढून खाली सपाट शॉवरची जागा करा. आणि काचेवरचा टॉवेल रॉड हा आधाराचा दांडा नव्हे, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा. तो शरीराचा भार घेण्यासाठी बनवलेला नसतो. आधाराचा दांडा वेगळा घ्यायचा आणि तो थेट भिंतीत पक्का बसवायचा.

लहान मूल असेल तर प्रश्न वेगळा. बाळाला टबात बसवून आई किंवा बाबा बाहेरून वाकून अंघोळ घालतात तेव्हा मधली जागा मोकळी लागते, आणि दोन पल्ल्यांच्या दाराची मधली जागा कधीच पूर्ण मोकळी होत नाही. शिवाय हात नळापर्यंत पोचायला हवा. एक पल्ला स्थिर असलेला प्रकार घेणार असाल तर स्थिर काच नळाच्या बाजूला येऊ देऊ नका, नाहीतर पाणी गरम आहे की गार हे बघायला दरवेळी टबात उतरावं लागेल. मूल दोन-तीन वर्षांचं होईपर्यंत पडदाच ठेवणं हाही शहाणपणाचा मार्ग आहे. भाड्याच्या घरात तर पडदाच.

पायरी २ : टबाचा काठ तपासा

दाराची खालची पट्टी टबाच्या काठावर चिकटते. त्यासाठी काठ सरळ आणि वरून सपाट हवा, निदान पट्टीच्या रुंदीइतका. गोलाई असलेला काठ, कोपऱ्यातला तिरका टब किंवा मोकळ्या जागेत ठेवलेला अंडाकृती टब असेल तर सरकत्या दारांचा विचार सोडून द्या.

मग तळहाताने काठावर चांगला भार टाकून बघा. ॲक्रिलिकचा टब खाली नीट टेकवलेला नसेल तर काठ लचकतो. लचकणाऱ्या काठावर सिलिकॉन (फटी बुजवायचा रबरासारखा लेप) टिकत नाही, काही महिन्यांत सुटतं आणि पाणी बाहेर झिरपू लागतं. काठाखाली विटांचा किंवा फ्रेमचा आधार देणं हे दाराच्या आधीचं काम आहे, ते गवंड्याकडून करून घ्या. शेवटी काठावर पाणसळ आडवी ठेवा. काठाचा उतार किंचित टबाच्या आत असेल तर उत्तम. बाहेरच्या बाजूला असेल तर पट्टीत साचलेलं पाणी कायम फरशीवर येणार.

पायरी ३ : भिंती मोजा, आणि भिंत कशाची आहे ते विचारा

माप टाइल्स लागल्यानंतरचंच धरायचं. दोन भिंतींमधलं अंतर तीन ठिकाणी घ्या : काठावर, मधोमध आणि दाराचं वरचं टोक जिथे येणार तिथे. तिन्ही आकडे क्वचितच सारखे येतात. नंतर दोन्ही भिंतींना ओळंबा लावा. वरपासून खालपर्यंत एक-दोन सुतांचा फरक असेल तर भिंतीच्या बाजूची ॲल्युमिनियम पट्टी तो सामावून घेते. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुमारे ३ मिमी. फरक चार सुतांच्या वर गेला तर बिनफ्रेमच्या दाराचा हट्ट धरू नका. फ्रेम असलेला प्रकार घ्या, नाहीतर काचेची कडाच भिंतीच्या उतारात कापून घ्यावी लागेल.

आता सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. वरची रेल काचेचं पूर्ण वजन भिंतीवर टाकते. पुण्या-मुंबईच्या नव्या इमारतींत भिंती कुठे मायवान पद्धतीच्या, सलग काँक्रीटच्या असतात, तर कुठे हलक्या ब्लॉकच्या, ज्यांना सगळेच सिपोरेक्स म्हणतात. जुन्या घरांत चार इंची विटांची भिंत असते. काँक्रीटमध्ये फास्टनर पक्का बसतो, पण भोक पाडताना सळई लागू शकते. सिपोरेक्समध्ये साधा प्लास्टिकचा गिट्टा काही दिवसांतच सैल होतो. तिथे हलक्या ब्लॉकसाठीचे खास अँकर किंवा केमिकल अँकर (भोकात रसायन भरून चिकटवायचे) लागतात. माप घ्यायला येणाऱ्या माणसाला ‘ही भिंत कशाची आहे आणि तुम्ही कुठला फास्टनर वापरणार?’ एवढं जरूर विचारा. त्याच्या उत्तरावरून त्याला काम किती कळतं तेही समजेल.

टबाच्या भिंतीत डायव्हर्टरचे (पाणी नळाकडे की शॉवरकडे हे वळवणाऱ्या कॉकचे) आणि गरम पाण्याचे पाइप दडलेले असतात. टाइल्स लावण्याआधी काढलेले फोटो असतील तर ते समोर ठेवूनच भोकांच्या खुणा करा. नसतील तर नळाच्या आणि शॉवरच्या सरळ रेषेत वर-खाली भोक पाडू देऊ नका. टबाच्या डोक्यावर गीझर टांगलेला असेल, तर त्याच्या दुरुस्तीला माणूस कुठून हात घालणार तेही आत्ताच बघून घ्या. आणि गॅस गीझर असेल तर दाराचं काम बाजूला ठेवून आधी तो बाथरूमच्या बाहेर काढा. बंद बाथरूममध्ये त्यातून कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो, आणि त्याने माणसं दगावतात.

पायरी ४ : रेल आणि रोलर हाताळून बघा

दुकानात मांडलेल्या दाराला हँडलऐवजी काचेच्या मधोमध एक बोट लावून ढकला. चांगला पल्ला तेवढ्यावर, खडखड न करता सरकतो. मग पल्ला हलकेच वर उचलायचा प्रयत्न करा : तो रेलवरून निसटता कामा नये. दोन्ही टोकांना रबरी स्टॉपर हवेत, आणि खाली पल्ला झुलू नये म्हणून गाइड हवा. रोलरला उंची कमी-जास्त करायचा स्क्रू असेल तर भिंतीतला थोडाफार वाकडेपणा नंतरही सांभाळता येतो.

स्टील कुठल्या ग्रेडचं हे बिलावर लिहून घ्या. पुणे, नाशिक, नागपूरला ३०४ पुरतं. मुंबईत समुद्राजवळ, कोकणात आणि गोव्यात ३१६ घ्या. त्यात मॉलिब्डेनम असल्यामुळे खारट हवेत ते जास्त तग धरतं. रोलर आणि गॅस्केट (फटी बंद करणाऱ्या रबरी पट्ट्या) सुटे मिळतात का, हेही विचारा. काच वर्षानुवर्षं टिकते, झिजतात ते रोलर. ज्याचे सुटे भाग मिळत नाहीत ते दार कितीही देखणं असलं तरी घेऊ नका.

पायरी ५ : आता काच

काच टफन्डच हवी, यात तडजोड नाही. साधी काच भट्टीत ६०० अंशांच्या वर तापवून हवेच्या झोताने झपाट्याने गार करतात. त्यामुळे पृष्ठभाग दाबाखाली राहतो आणि काच चार-पाच पट मजबूत होते. फुटलीच तर सुरीसारखे लांब तुकडे न होता खडीसाखरेएवढे बोथट खडे होतात. ओळखायची कशी? कोपऱ्यात न पुसला जाणारा शिक्का असतो. त्यावर आयएसआय चिन्ह आणि आयएस २५५३ हा मानक क्रमांक बघा. पोलराइज्ड गॉगल घालून काचेकडे तिरकं पाहिलं तर टफन्ड काचेत अनेकदा फिकट-गडद ठिपके किंवा पट्टे दिसतात.

टफन्ड काच नंतर कापता येत नाही, तिला भोकही पाडता येत नाही. म्हणूनच मापाला एवढं महत्त्व. तिचा कमकुवत भाग म्हणजे कडा. समोरून बुक्की मारली तरी काही होत नाही, पण कडेला टाइलचा कोपरा लागला तर पूर्ण काच एका क्षणात विखुरते. काच बनतानाच निकेल सल्फाइडचा सूक्ष्म कण आत राहिला, तर क्वचित ती काही कारण नसताना आपोआपही फुटू शकते. हीट सोक चाचणी (सदोष काच आधीच फुटावी म्हणून कारखान्यात ती पुन्हा तापवून बघणं) केलेल्या काचेत हा धोका बराच कमी होतो. लहान मुलांच्या घरात तुकडे धरून ठेवणारी सेफ्टी फिल्म बाहेरच्या बाजूने लावून घ्यावी.

जाडीसाठी वजनाचं गणित करा. एक चौरस मीटर काचेचं वजन दर मिलिमीटर जाडीला अडीच किलो. मघाचा ७७५ मिमी रुंद पल्ला १४५० मिमी उंच धरला, तर ६ मिमीत तो १७ किलोंचा होतो, ८ मिमीत साडेबावीस आणि १० मिमीत २८. घरच्या टबाला ८ मिमी पुरेशी आहे. फ्रेम असेल तर ६ मिमीही चालते. १० मिमी हातात घेतल्यावर भारदस्त वाटते खरी, पण तो भार रोज रोलर आणि भिंत वाहणार.

साधी की फ्रॉस्टेड, हा प्रश्न आता घ्या. बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी येत असेल तर साध्या काचेवर पांढरे डाग लगेच उठून दिसतात. फ्रॉस्टेड किंवा उभ्या रेघांच्या काचेवर ते झाकले जातात, पण खरखरीत बाजू आत आली तर त्यात साबणाचा थर बसतो आणि घासूनही निघत नाही. खरखरीत बाजू बाहेर ठेवायची, हे ऑर्डरमध्ये लिहून द्या.

पायरी ६ : ऑर्डर आणि बसवणं

काच चौरस फुटावर विकली जाते आणि अनेक ठिकाणी माप वरच्या इंचांत पूर्ण करून बिल करतात. भोकं, कडांचं पॉलिश, हार्डवेअर, बसवणं आणि जीएसटी दरात धरलेत की नाही, हे आधी लेखी घ्या. माप विक्रेत्याच्याच माणसाने येऊन घ्यावं, म्हणजे काच चुकली तर जबाबदारी त्याची. अमेरिकेतल्या मराठी वाचकांचं काम तुलनेने सोपं : तिथले तीन भिंतींतले टब बहुधा ६० इंची असतात आणि ५६ ते ६० इंचांत जुळवता येणारे तयार संच मिळतात.

बसवायच्या दिवशी घरी थांबा. काच उघड्या फरशीवर उभी करू देऊ नका, खाली लाकडाच्या पट्ट्या किंवा जाड पुठ्ठा घाला. टाइलवर भोक पाडताना ड्रिलचा हॅमर बंद असायला हवा, आणि स्क्रू घालण्याआधी भोकात सिलिकॉन भरायला हवं. नाहीतर पाणी टाइलमागे जाईल आणि ओल खालच्या मजल्यावर दिसेल. शॉवरच्या बाजूचा पल्ला आतल्या रेलवर हवा. तो उलटा बसला तर फवारा थेट दोन पल्ल्यांच्या फटीत शिरतो.

सिलिकॉन बुरशीरोधक, न्यूट्रल प्रकारचं घ्या. लावताना व्हिनेगरचा झणझणीत वास येतो ते धातूला चांगलं नाही. खालच्या पट्टीला बाहेरच्या बाजूने सलग सिलिकॉन लावायचं, पण आतल्या बाजूची पाणी निघायची छिद्रं मोकळी सोडायची. ती बुजवली की पाणी पट्टीतच कोंडतं आणि तिथे काळी बुरशी धरते. मग निदान २४ तास टब कोरडा ठेवा. दुसऱ्या दिवशी शॉवर दहा मिनिटं चालू ठेवून बाहेरच्या कडेवर टिश्यू पेपर फिरवा. कारागिराचा हिशेब त्यानंतर.

रोजची देखभाल थोडीच. शेवटी आंघोळ करणाऱ्याने काचेवरून वायपर फिरवायचा, दार थोडं उघडं ठेवायचं आणि एक्झॉस्ट चालू. आठवड्यातून एकदा पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून मऊ कापडाने पुसा. घरकामाला येणाऱ्या मावशींना टॉयलेटचं ॲसिड या दाराला लावू नका, हे पहिल्याच दिवशी सांगा. त्याने ३१६ स्टीललाही खड्डे पडतात. खालची पट्टी जुन्या टूथब्रशने घासून छिद्रं मोकळी ठेवा, आणि सहा महिन्यांनी रोलरचे स्क्रू तपासून घ्या.